सुरण खाजतो तो कुठे चुकल्यामुळे? गड्डा निवडण्यापासून ताटात वाढेपर्यंतचा क्रम

सुरण आणला, आमसुलं घातली, मसाला लावला, खरपूस काप तळले आणि पहिल्याच घासाला घसा खवखवला. त्यानंतर त्या घरात वर्षभर सुरण येत नाही. दोष बहुतेक वेळा सुरणाचा नसतो, क्रमाचा असतो. आमसूल घातलं की खाज गेली, असं गृहीत धरून शिजवण्यात घाई केली जाते. खाज खरी जाते ती जाड साल काढल्याने, आतपर्यंत शिजवल्याने आणि उकडलेलं पाणी फेकून दिल्याने. आंबटाचा नंबर त्यानंतर.

सुरण अळूच्या कुळातला. या कुळातल्या कंदांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते साध्या पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे दहा वेळा धुऊनही कच्चा सुरण खाजराच राहतो. सुयांच्या जोडीला रसातली काही प्रथिनं ही खाज वाढवतात. ती उष्णतेने निकामी होतात, पण उष्णता फोडीच्या मध्यापर्यंत पोहोचली तरच. वरून कुरकुरीत आणि आतून करकरीत असा काप हमखास खाजतो तो यामुळे.

## १. निवड

सुरणाचं पीक आठ-नऊ महिन्यांचं. उन्हाळ्याच्या शेवटी लावलेला कंद पानं पिवळी पडून सुकली की काढतात, म्हणून चांगला माल दिवाळीनंतर आणि थंडीत मिळतो. पानं हिरवी असतानाच घाईने काढलेला कंद पाणचट लागतो आणि खाजतोही जास्त.

पूर्ण गड्डा दोन-चार किलोंचा असल्याने भाजीवाले कोयत्याने तुकडे करून विकतात. तुकडा घेताना हे बघा:

- कापलेली बाजू घट्ट आणि एकसारखी हवी. बोट दाबल्यावर खड्डा पडला तर तो आतून नासायला लागला आहे.
- गराचा रंग पिवळसर, फिका केशरी किंवा गुलाबी, काहीही चालेल. काळे-तपकिरी डाग आणि आंबूस वास मात्र नको.
- गड्ड्याच्या वरच्या बाजूला मधोमध खळगा असतो, तिथून कोंब फुटतो. त्या भागात दोरे जास्त. शक्यतो बाजूचा तुकडा मागा.
- भाजीवाल्याला सरळ विचारा, ‘खाजरा आहे का?’ रोजचा भाजीवाला खरं सांगतो, कारण तुम्ही उद्या परत येणार असता.

‘गजेंद्र’ आणि ‘श्री पद्मा’ या लागवडीच्या जाती मुळात कमी खाजऱ्या आहेत. परसातला, बांधावरचा किंवा रानातून आणलेला सुरण मात्र जास्त खाजरा निघू शकतो. त्याला पुढची प्रत्येक पायरी दुप्पट काळजीने करावी लागते.

सावधान: पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात येणारी शेवळं सुरणाच्याच वंशातली, पण रानटी. त्यांना काकडं (रानातली आंबट फळं) लागतात आणि त्यांची कृतीच निराळी. इथला क्रम शेवळांना लावू नका.

परदेशातल्या भारतीय दुकानांत सोललेल्या फोडींची गोठवलेली पाकिटं मिळतात. ती सोयीची आहेत, पण शिजवलेली आहेत असं समजू नका. पायरी ५ पासून सुरुवात करा. नुसतं ‘याम’ लिहिलेला कंद सुरण असेलच असं नाही. अमेरिकेत त्या नावाखाली बरेचदा रताळंच मिळतं.

## २. कापण्याआधी

अख्खा, न कापलेला गड्डा कोरड्या, हवेशीर जागी महिना-दोन महिने सहज टिकतो. अनेक घरांत तो आणल्यावर आठ-पंधरा दिवस तसाच ठेवतात. जुना झालेला सुरण कमी खाजतो असा अनुभव आहे. कापलेला तुकडा मात्र कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये, तोही तीन-चार दिवसच. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवला की घाम सुटून बुळबुळीत होतो.

माती लागलेला तुकडा नळाखाली धरायचा मोह होतो. तो टाळा. कोरड्या ब्रशने किंवा जुन्या फडक्याने माती झाडा. ओल्या सालीवरचा रस हातभर पसरतो आणि सोलताना सुरी घसरते ते वेगळंच.

## ३. सोलणं आणि चिरणं

लागणारं सामान आधी हाताशी घ्या: मोठी धारदार सुरी किंवा विळी, खोबरेल किंवा गोडं तेल, पसरवायला जुना कागद, आणि एका पातेल्यात तयार आंबट पाणी (पायरी ४). चिरायला बसल्यावर आमसुलं शोधायला उठलात तर खाजरे हात डब्यांना, कपाटाच्या मुठीला आणि शेवटी डोळ्यांना लागतात.

1. हात कोरडे करून मनगटापर्यंत तेल चोळा. हातमोजे असतील तर उत्तम. कातडी नाजूक असेल तर मोजे घालाच.
2. गड्ड्याची एक बाजू कापून सपाट करा आणि तो त्या बाजूवर पाटावर बसवा. गोल कंद हातात धरून सोलू नका.
3. सालकाढणं वापरू नका. ते साल फारच पातळ काढतं. सुरीने वरून खाली, साधारण अर्धा सेंटिमीटर जाड साल काढा. सालीखालचा गडद थर पूर्ण जाऊन एकसारखा गर दिसला पाहिजे. अर्ध्या किलोत शंभर ग्रॅमच्या आसपास वाया जातं, ते जाऊ द्या. काटकसर इथे करायची नाही.
4. कोंबाच्या खळग्याचा भाग आणि खडबडीत गाठी कोरून टाका.
5. पदार्थाप्रमाणे चिरा. भाजीला दोन सेंटिमीटरच्या फोडी, कापांना एक सेंटिमीटर जाडीचे चौकोनी तुकडे, वेफर्सना अगदी पातळ चकत्या. एका खेपेच्या फोडी सारख्या मापाच्या हव्यात. लहान-मोठ्या असतील तर लहानांचा लगदा होतो आणि मोठ्या मध्ये कच्च्या राहतात. मग एकाच वाढणीत कुणाला खाजतो, कुणाला नाही, आणि जेवताना वाद होतो.
6. चिरलेली फोड लगेच आंबट पाण्यात टाका. उघडी राहिली की काळवंडते.

हात खाजायला लागले तर: चोळू नका, चोळल्याने सुया आणखी आत जातात. चिंचेचा कोळ, आमसुलाचं पाणी किंवा लिंबू हाताला लावून दोन मिनिटं थांबा, मग साबणाने धुवा. तोपर्यंत तोंडाला, डोळ्यांना हात लावायचा नाही. सुरी आणि पाटही लगेच साबणाने धुऊन टाका. त्याच पाटावर काकडी चिरून कोशिंबीर केली तर कोशिंबिरीला खाज लागते आणि दोष काकडीवर जातो.

## ४. आंबट पाण्यात भिजवणं

अर्धा किलो सुरणाला हे प्रमाण धरा:

- पाणी १ लिटर
- आमसुलं १० ते १२ (किंवा मोठ्या लिंबाएवढी चिंच कोळून)
- मीठ २ चमचे

आमसुलं आधी पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून चुरून घ्या. आयत्या वेळी टाकलेलं कोरडं आमसूल पाण्याला नुसता रंग देतं, आंबटपणा नंतर उतरतो. फोडी अर्धा तास बुडवून ठेवा. खाजरा असेल तर तासभर. मग ते पाणी टाकून फोडी ताज्या पाण्याने दोनदा धुवा. आता पाणी वापरायला हरकत नाही.

आमसूल आणि चिंच दोन्ही नसतील तर आंबट ताक किंवा लिंबाचा रस घ्या.

तपासणी: फोडी टाकण्याआधी पाण्याचा थेंब चाखून बघा (फोड नव्हे). सोलकढीइतकं आंबट लागलं पाहिजे. नुसतं गुलाबी दिसून उपयोग नाही.

## ५. उकडणं: सगळ्यात जास्त चुकतं ते इथे

आंबट पाण्यात कुठलाही कंद उशिरा मऊ होतो. बटाट्याच्या रश्श्यात चिंच आधी घातली की फोडी टणक राहतात, तोच प्रकार. भरपूर आमसुलं घालून सुरण उकडायला ठेवला आणि बटाट्याच्या अंदाजाने दहा मिनिटांत उतरवला, तर तो कच्चा असतो. खाजू नये म्हणून घातलेल्या आंबटानेच तो कच्चा ठेवलेला असतो. म्हणून आंबट केव्हा घालायचं हे पदार्थ बघून ठरवा.

फोडी मऊ हव्यात, कुस्करायच्या आहेत किंवा रसभाजी करायची आहे: उकडताना आंबट घालू नका. दीड लिटर पाण्याला उकळी आणा, त्यात दीड चमचा मीठ, पाव चमचा हळद आणि फोडी घाला. उपवासाचं असेल तर घरच्या रिवाजाप्रमाणे हळद वगळा. मध्यम आंचेवर साधारण बारा ते अठरा मिनिटं लागतात. आंबट नंतर फोडणीत.

फोडी अखंड हव्यात, म्हणजे काप: इथे आंबटाचा तोच गुण कामी येतो. उकळत्या पाण्यात चार-पाच आमसुलं घाला. काप मोडत नाहीत, कडा शाबूत राहतात. वेळ मात्र जास्त द्या. एक सेंटिमीटरच्या कापाला बारा-पंधरा मिनिटं लागू शकतात.

कुकर: कुस्करायच्या सुरणालाच वापरा. दोन शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरू द्यावी. कुकरमध्ये फोडी पाण्यात बुडालेल्या हव्यात. वरच्या भांड्यात बिनपाण्याने वाफवलेल्या सुरणातून टाकून द्यायला काही उरतच नाही. कापांना कुकर नको, ते फुटतात.

घड्याळावर विसंबू नका. जात, वय, तुकड्याची जागा यांनी वेळ बदलते. सुरीचं टोक सगळ्यात जाड फोडीच्या मध्यात खुपसा. न अडखळता आत जायला आणि बाहेर यायला हवं. फोड मधून तोडून बघा: कच्च्या भागाचा रंग वेगळा, फिकट आणि काचेसारखा दिसतो. तो ठिपका नाहीसा होईपर्यंत उकडत राहा.

मग चाळणीत ओता आणि सगळं पाणी फेकून द्या. वरणात, रश्श्यात, कणकेत, कुठेही वापरायचं नाही. न विरघळणाऱ्या सुयांखेरीज सुरणात पाण्यात विरघळणारं ऑक्झलेटही असतं, ते त्या पाण्यात उतरलेलं असतं. एरवी भाजीचं पाणी टाकू नये हे खरं. सुरण त्याला अपवाद आहे. फोडी चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या.

## ६. जिभेची चाचणी

उकडलेल्या, निथळलेल्या फोडीचा वाटाण्याएवढा तुकडा तोडून चावा आणि पाच मिनिटं थांबा. खाज लगेच जाणवतेच असं नाही, म्हणून तोंडात टाकल्या टाकल्या ‘चालेल’ म्हणू नका.

- काहीच जाणवलं नाही: पुढे जा.
- जिभेला हलकी चुणचुण: नव्या उकळत्या पाण्यात आणखी आठ-दहा मिनिटं उकडा, ते पाणीही टाका, पुन्हा चाखा.
- दुसऱ्यांदाही खाजतो: तो गड्डा टाकून द्या. मसाल्याने, तळण्याने किंवा खोबऱ्याने तो सुधारत नाही.

कच्चा किंवा अर्धकच्चा तुकडा चाखून बघायचा नाही. मुलांना चाखायला देऊ नका.

## ७. पदार्थ

काप. उकडलेले काप फडक्यावर कोरडे करा. अर्ध्या किलोला दोन चमचे लाल तिखट, अर्धा चमचा हळद, चिमूटभर हिंग, मीठ आणि दोन चमचे दाट आमसुलाचा किंवा चिंचेचा कोळ एकत्र करून चोळा. पंधरा मिनिटं मुरू द्या. दोन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचं पीठ यांत घोळवून तव्यावर थोड्या तेलात, मध्यम आंचेवर दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं भाजा. काप आधीच शिजलेले असल्याने तव्यावर फक्त कवच कुरकुरीत करायचं आहे. काप ओला राहिला तर रवा सुटून तव्याला चिकटतो. बऱ्याच ठिकाणी कच्चेच काप मसाला लावून तव्यावर टाकतात. पातळ आणि कमी खाजऱ्या सुरणाला ते कधी चालून जातं, पण त्यावर भरवसा ठेवण्यासारखा नाही.

ओल्या खोबऱ्याची भाजी. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, तीन हिरव्या मिरच्या. त्यावर उकडलेल्या फोडी, मीठ, तीन-चार आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ. पाव वाटी पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, पाच-सहा मिनिटं. वर पाव वाटी ओलं खोबरं, कोथिंबीर. डावाने सारखं ढवळू नका. पातेलं हलवा, नाहीतर पिठलं होतं.

उपवासाचे वडे. बिनआंबटाच्या पाण्यात उकडलेला सुरण गरम असतानाच कुस्करा आणि कोरड्या कढईत दोन-तीन मिनिटं परतून पाणी आटवा. ही पायरी गाळली की वडे तेल पितात किंवा फुटतात. चारशे ग्रॅम सुरणाला अर्धी वाटी दाण्याचं कूट, तीन-चार चमचे राजगिऱ्याचं किंवा शिंगाड्याचं पीठ, वाटलेली मिरची-जिरं, सैंधव, लिंबू. चपटे वडे थापून तुपावर भाजा. वड्यांचा खटाटोप नको असेल तर याच कुस्करलेल्या सुरणाला तुपाची जिरं-मिरचीची फोडणी देऊन कूट घाला. साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा हे केव्हाही बरं.

खतखतें आणि ऋषीची भाजी. अनेक भाज्या एकत्र शिजतात तिथे सुरण कच्चा टाकू नये. मका, शेंगा, भोपळा प्रत्येकाची वेळ निराळी, आणि सुरणाचं पाणी रश्श्यातच राहतं. तो वेगळा उकडून, पाणी टाकून, शेवटच्या दहा मिनिटांत घाला. गोव्याच्या खतखत्यातली तिरफळंही त्याच सुमाराला, जरा ठेचून.

वेफर्स. उकडल्याशिवाय तळता येईल असा हा एकच प्रकार, आणि तोही चकती कागदासारखी पातळ असेल तरच. आंबट-मिठाच्या पाण्यात अर्धा तास, मग पूर्ण कोरड्या करून मध्यम तेलात बुडबुडे थांबेपर्यंत. जाड चकती भजीसाठी ठेवा, तीही उकडून.

## ८. शरीराला काय मिळतं आणि कोणी जपायचं

शंभर ग्रॅम सुरणात साधारण ८० किलोकॅलरी, १७-१८ ग्रॅम कर्बोदकं आणि चार ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. बटाट्यात तंतू दीड-दोन ग्रॅमच. पोटॅशियमही भरपूर. तंतूंमुळे पोट भरल्यासारखं राहतं आणि शौचाला साफ होतं. संस्कृतात त्याला ‘अर्शोघ्न’ म्हणतात आणि मूळव्याधीत तो आवर्जून देतात. बद्धकोष्ठ कमी झालं की मूळव्याधीचा त्रास हलका होतो हे बरोबर, पण सोबत पाणी पुरेसं प्यायला हवं. रक्त पडत असेल तर सुरणावर न थांबता डॉक्टरांना दाखवा.

एका वेळी माणशी शंभर-दीडशे ग्रॅम पुरे.

- मुतखडा झालेल्यांनी, विशेषतः ऑक्झलेटचा खडा असेल तर, टाळावा किंवा डॉक्टरांना विचारून क्वचित खावा. खाल्लाच तर उकडून, पाणी टाकून, आणि त्याच जेवणात दही घेऊन. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधतं.
- मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पोटॅशियममुळे विचारल्याशिवाय खाऊ नये.
- मधुमेहींनी भाजी म्हणून वर जास्तीचा वाढून घेण्याऐवजी तो भाकरी-भाताच्या हिशोबात धरावा. सुरण, बटाटा आणि भात एका ताटात म्हणजे तिन्ही पिष्टच.
- तोंड आलेलं असेल, घसा दुखत असेल तर त्या दिवशी नको.

आणि चार मोठे चमचे तेलात तळलेले काप खाऊन ‘सुरण पथ्याचा’ म्हणण्यात अर्थ नाही. पथ्याला भाजी किंवा कुस्करलेला सुरण.

## ९. तरीही घसा खाजला तर

नुसतं पाणी पिऊन फारसा फरक पडत नाही. थंड दूध किंवा दही हळूहळू, तोंडात घोळवत घ्या. आमसूल किंवा लिंबाची फोड चोखल्यानेही उतार पडतो. बोटं घालून घसा खरवडू नका. बहुतेक वेळा तास-दोन तासांत त्रास ओसरतो. ओठ किंवा जीभ सुजली, गिळता येईना, लाळ गळायला लागली किंवा श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच दवाखान्यात जा. लहान मुलांच्या बाबतीत तर थांबूच नका.

## १०. उरलेला सुरण

एवढी खटपट पाव किलोसाठी करण्यापेक्षा किलोभर एकदम उकडणं सोयीचं. जिभेची चाचणी झालेल्या फोडी पूर्ण निथळून, ताटात सुट्या पसरून आधी फ्रीजरमध्ये कडक करा आणि मग डब्यात भरा. महिनाभर राहतात. भाजीला थेट फोडणीत टाकता येतात. कापांना मात्र आधी बाहेर काढून, सुटलेलं पाणी टिपून घ्या. डब्यावर ‘उकडलेला’ असं लिहून ठेवा. घरातल्या दुसऱ्या कुणी कच्च्या फोडी शेजारी ठेवल्या तर दोन्ही सारख्याच दिसतात.